किसनअण्णांचे पंचनामे

आमच्या घरी करपलेल्या पिठल्याचा एकदा रीतसर पंचनामा झालेला आहे. 'समक्ष पाहणी केली असता कढईच्या तळाशी काळा थर आढळून आला' हे वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं, खाली पाच पंचांच्या सह्या घेतल्या, आणि पाचवी सही माझ्या बायकोचीच होती. करवून घेणारे आमचे शेजारी, आमदार किसनअण्णा. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा नेऊन दिला.

मी निवृत्त तलाठी. उभ्या नोकरीत गारपिटीचे, आगीचे, वाहून गेलेल्या बांधांचे इतके पंचनामे लिहिले की शेवटच्या दिवशी पेन टेबलावर ठेवलं आणि वाटलं, सुटलो एकदाचा. पण जालन्यात घर घेतलं ते नेमकं अण्णांच्या भिंतीला भिंत लावून. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तेव्हापासून सकाळी साडेसहाला कुंपणावरून हाक येते, "तलाठीसाब, कोरे कागद घ्या. चला जल्दी!"

अण्णांचं म्हणणं सरळ आहे. जे डोळ्यांनी पाहिलं आणि पाच माणसांनी मान्य केलं तेवढंच खरं, बाकी सगळं भाषण. कोणी निवेदन घेऊन आलं की ते कागदाकडे बघतसुद्धा नाहीत. "बराबर हाये. पन पंचनामा झाला का?" एवढंच विचारतात. झालेला नसला की गाडी निघालीच. एमआयडीसीतल्या एका खड्ड्याचा पंचनामा करायला त्यांनी मला टेप देऊन खड्ड्यात उतरवलं होतं. मागं सळयांनी भरलेला ट्रक हॉर्न वाजवत उभा, आणि वरून अण्णा विचारत होते, "खोली किती आली?" मी माझी कंबर दाखवली.

शेतकऱ्यांच्या मदतीवर बोलायला ते विधानसभेत उभे राहिले, तेव्हाही आधी रिकाम्या बाकांचा पंचनामा करा म्हणून अडून बसले. मग बोलले ते जेमतेम दोन मिनिटं. "पेरनीच्या आधी आली तं ती मदत. पेरनी झाल्यावर आली तं ते तेरवीचं जेवन. त्यानं गेलेला मानूस उठून बसत न्हाई." मी टीव्हीसमोर बसून ऐकत होतो. मला फार बरं वाटलं. पण त्यांना तोंडावर काही बोललो नाही, नाहीतर त्याचाही कागद करावा लागला असता.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी जाधव मॅडम धापा टाकत आल्या. त्या शहरात कर्णबधिर मुलांची निवासी शाळा चालवतात. शाळा भाड्याच्या इमारतीत, आणि इमारतीचे मालक बाबूराव, बियाण्यांचे व्यापारी. बाबूराव म्हणजे अण्णांचा उजवा हात. निवडणुकीत प्रचाराला फिरणाऱ्या झाडून साऱ्या जीपा त्यांच्याच. त्यांना आता त्या जागेत बियाण्यांचं गोदाम करायचं होतं. शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबा, असं मॅडमनी विनवलं होतं. त्याचं उत्तर म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूप लागलं आणि मुलांच्या खाटा अंगणात आल्या.

"अण्णा, लेकरं घरी पाठवली तर ती परत येनार न्हाईत," मॅडम म्हणाल्या. "गावाकडं त्यांच्याशी बोलायला कोनी नसतं. इथं येऊन कुठं आता बोलायला लागलीत."

मला वाटलं, अण्णा बाबूरावांना फोन लावतील आणि घरातल्या घरात मिटवतील. अण्णांनी चपला घातल्या. "तलाठीसाब, कागद."

अंगणात चाळीस मुलं आपापल्या वळकटीवर बसली होती. सकाळपासून उपाशी. मी लिहायला घेतलं, पण पंच मिळेनात. समोरचा चहावाला धुतलेलेच ग्लास पुन्हा धुऊ लागला. शेजारच्या न्हाव्यानं तर आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलेलं असताना शटर ओढून घेतलं. बाबूरावांच्या विरोधात सही कोण करणार? तेवढ्यात बाबूराव स्वतःच आले.

"अण्णा, घरची गोष्ट हाये. कागद कशाला करून राह्यले?"

"घर खाली करायचं तं कोर्टाचा हुकूम दाखवा, बाबूराव. कुलूप म्हंजी हुकूम न्हाई."

"मंग पुढच्या टायमाला जीपा कोन देतं तेबी पाहून ठेवा."

त्या जीपांशिवाय निवडून येणं कठीण आहे, हे मला ठाऊक होतं, त्यांना तर होतंच. अण्णा माझ्याकडे वळले, "लिहा. पंच पयला, किसन. धंदा शेती."

"आमदार लिहू ना?"

"धंदा इचारते का न्हाई कागदात? शेतीच लिहा."

लिहिणारानं पंच व्हायचं नसतं. नोकरीत हा नियम मी कधी मोडला नाही. त्या दिवशी दुसरी सही मी माझी ठोकली. मग शटर किरकिरलं. न्हावी आला आणि त्याच्या मागं गळ्यात फडकं अडकवलेलं ते गिऱ्हाईकही आलं. पाचवा चहावाला. बाबूरावांनी सह्यांकडे पाहिलं, किल्ली काढली, "परीक्षेपर्यंत," एवढं म्हणाले आणि निघून गेले.

चूल पेटली. अण्णा एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीसमोर उकिडवे बसले आणि हातांनी तिला काहीतरी विचारू लागले. बोटं भराभर चालत होती. मी थक्क झालो. मुलीनं नीट बघितलं, पुन्हा बघितलं आणि मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं. आणखी मुलं जमली, त्यांनाही कळेना.

"अण्णा, ह्या खुना आमच्याकडं न्हाईत," मॅडम म्हणाल्या. "तुमी कुठं शिकलात?"

"शिकलो कुठं? माझा धाकला भाऊ भगवान. त्याला ऐकू येत न्हाई. ल्हानपनी आमी दोघांनीच केल्या. मला वाटत व्हतं, समद्या दुनियेत ह्याच आसत्यात."

भगवानराव छप्पन्न वर्षांचे आहेत, घनसावंगीकडच्या शेतावर मोसंबीची बाग बघतात, हे मला तेव्हा कळलं. दर रविवारी फोन बंद करून अण्णा कुठं जातात, यावरून मी कट्ट्यावर काय काय बोललो होतो! माझी मलाच लाज वाटली.

अण्णांचा आवाज कधी खाली येत नाही. तेव्हा आला. "मॅडम, पयलीत घ्यायला वयाची अट आसती का?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी अण्णांचा चेहरा बघितला.

"आई व्हती तवर तिला थोडं समजायचं. आता आमी दोघंच. मी गेल्यावर त्यानं कोनासंग बोलावं?"

"रविवारी घेऊन या," मॅडम म्हणाल्या.

रविवारी मीही गेलो. भगवानराव धुवट धोतर नेसून फाटकातून आत आले. मुलं धावत पुढं आली आणि चाळीस जणांनी हात हलवून त्यांना बोलावलं. भगवानराव थांबले आणि मागं वळून बघू लागले, कोणाला बोलावतायत म्हणून. मागं रस्ता रिकामा होता. अण्णांनी त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. तुलाच. तुलाच.