व्होल्टेज कमी केलं अन् मामाजी घाबरले

राजेहो, साऱ्या मानोरा गावात कम्प्युटरातल्या ग्राफिक्स कार्डाची नाडी ओळखणारा माणूस एकच, अन् तो म्हणजे मी! लग्नाचे व्हिडिओ बनवतो ना, अन् ते सारं या कार्डाच्याच जोरावर. मे महिन्यात इथं माणूस शिजते, तिथं कार्डाची काय कथा! त्याचा पारा नव्वदवर गेला की ते आपला क्लॉक स्पीड, म्हणजे कामाचा वेग, आपोआप खाली आणते, अन् मंग चढावरच्या बैलासारखं चालते.

त्या दिवशी जवळच्या तांड्यावरच्या भाऊसिंगच्या पोराचं, धनराजचं रिसेप्शन होतं. संध्याकाळी तांड्यावर मोठ्या पडद्यावर लग्नाची फिल्म दाखवतो, असा शब्द देऊन बसलो होतो. शब्द गेला असता तर आजूबाजूच्या एकाही तांड्यानं मले पुन्हा दारात उभं केलं नसतं. पण मी काय कच्चा हाव? कार्डाचं व्होल्टेजच थोडं उतरवलं. स्पीड तोच, अन् पारा डायरेक्ट सत्तरवर!

नेमके तवाच मामाजी, म्हणजे माहे सासरे दौलतराव, रिसोडवरून आंब्याच्या रसाच्या जेवणाले आलेले. जवाई दिवसभर डबड्यापुढं बसून काय करते, हे त्याइले कधी समजलंच नाई. म्हतलं, आज दाखवूनच देऊ. सारं समजावलं, अन् शेवटी छाती फुगवून सांगतलं, "मामाजी, व्होल्टेज कमी करून ठेवलं."

त्याइचा चेहराच उतरला. मले वाटलं, जवायाची हुशारी पाहून चाट पडले. मी आंघोळीले गेलो. फिल्म तयार व्हाले चहा पिण्याएवढा वेळ उरला होता. येऊन पाहतो तर स्क्रीन काळीभोर! मामाजी लाईटच्या बोर्डापाशी खुर्ची टाकून रखवाली करून राह्यले.

"बटन बंद केलं म्या," ते म्हणाले. "कमी व्होल्टेजवर माह्या विहिरीवरच्या दोन मोटरी जळाल्या. लाईन चांगली येऊ द्या, मंग चालवा."

आता सासऱ्याले काय बोलता? माही बायको ज्योत्स्ना तर वरून म्हणे, बाबा होते म्हणून मशीन वाचलं.

पुन्हा सुरवातीपासून! घाईघाईत व्होल्टेज चढवलं, स्पीड ताणला, पारा नव्वदच्या पार. म्हणून घरातला कूलर ओढत आणून कम्प्युटरच्या उघड्या डब्यापुढं लावला, नुसत्या हवेपुरता. पण पाण्याबिगर कूलर चालवणं मामाजीच्या जिवाले कसं पटावं? त्याइनं दोन बादल्या ओतल्या अन् पंप चालू करून देला. सारे शिंतोडे डब्यात! फट् आवाज झाला, अन् फिल्म गेली.

उरलं काय, तर कॅमेऱ्यातलं कच्चं शूटिंग. तोंड लपवत तांड्यावर गेलो अन् तेच जसंच्या तसं पडद्यावर लावून देलं. ना गाणं, ना स्लो मोशन, ना वरून पडणारी फुलं. पंगत म्हणजे अख्खी पंगत! मी मांडवामागं गाडीले किक माराच्या तयारीत उभा होतो. पण माणसं उठतच नोती. आपापला चेहरा पाहून हसून राह्यली, एकमेकाले दाखवून राह्यली.

भाऊसिंग डोळे पुसत आला. म्या मनात म्हतलं, आता खातो मार.

"भाऊ," तो म्हणे, "पह्यल्यांदा आमची माय पुरी नाचताना दिसली. बाकीचे शूटिंगवाले तिले कापतेत अन् नवरा-नवरीलेच गोल गोल फिरवतेत."

त्याच मांडवात मले तीन ऑर्डरी भेटल्या, अन् तिन्हीची अट एकच: शूटिंग करून द्या, पण मंग त्याले तुमी काहीच करू नका!

कार्ड वाळवल्यावर चालू झालं, पण काम काय त्याले? दिवसभर थंडगार पडून राह्यते. मामाजी मात्र साऱ्या रिसोडात सांगत फिरतेत, जवायाचं मशीन म्या थंड करून देलं. अन् खोटं कसं म्हणावं, राजेहो!