कात्री कोणाच्या हाती

त्याच्या नोकरीची मुदत महिनाअखेरीस संपणार होती आणि ती वाढवून मिळणे एका प्रथिनावर अवलंबून होते. पेशीत जनुकाचा संदेश आरएनएवर उतरतो आणि मग शिंप्याकडच्या कापडासारखा कापून जोडला जातो. कोणता तुकडा ठेवायचा, कोणता टाकायचा, हे काही प्रथिने ठरवतात. कर्करोग शरीरभर पसरू लागला की ही काटछाट बिघडते. त्या वेळी कात्री नेमकी कोणत्या प्रथिनाच्या हाती असते, हे संगणकाकडून ओळखून घेण्यात त्याची उमेदीची वर्षे सरली होती. चेहराही हळूहळू संगणकाच्या पडद्यासारखा फिकट झाला होता.

आणि एका दुपारी संगणकाने नाव सांगितले. पसरलेल्या कर्करोगाचा प्रत्येक नमुना त्याने ओळखला आणि दर वेळी एकाच प्रथिनाकडे बोट दाखवले. एकही चूक नाही. त्याला आनंदाऐवजी थकवाच आला, कारण इतके बिनचूक त्याच्या आयुष्यात आजवर काही घडले नव्हते.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांना मात्र दम निघेना. त्यांनी संस्थेच्या संचालकांना सांगितले, संचालकांनी सरांचे व्याख्यान ठरवून पाहुणे बोलावले. घरी आईने ही बातमी शेजारी पोचवली आणि संध्याकाळी मामाने फोन करून विचारले की औषध बाजारात कधी येणार, आणि घरच्या माणसांना सवलत मिळेल ना.

व्याख्यानाला खोली भरली आणि एक खुर्ची कमी पडली. सरांनी नजरेनेच त्याला पिटाळले. बाहेर जुन्या फ्रीजरला टेकवलेली एक खुर्ची होती. त्याने ती उचलली मात्र, फ्रीजरचे दार उसासा टाकावा तसे सावकाश उघडले.

“ती बसायची नाहीये,” समोरून येणाऱ्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. “दार लागत नाही त्याचं, म्हणून टेकवलीय. मीटिंग असली की कुणीतरी नेतंच उचलून.”

“कधीपासून?”

“मी इथे लागले तेव्हापासून.”

पसरलेल्या कर्करोगाचे सगळे नमुने त्याच फ्रीजरमध्ये होते. न पसरलेले वरच्या मजल्यावर, नव्या फ्रीजरमध्ये सुखाने गोठलेले. ऊब लागली की आरएनए विस्कटतो आणि मग संदेश भलतीकडेच कापल्यासारखा दिसतो. संगणकाने कर्करोग ओळखलाच नव्हता. त्याने फ्रीजर ओळखला होता.

खुर्ची बाई आत घेऊन गेल्या, कारण संचालक उभे होते. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा तो फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभा होता.

नंतर त्याने सरांना गाठून सांगितले की शोध खोटा आहे. “हेच चुकतं तुझं,” सर म्हणाले, “स्वतःला फार कमी लेखतोस.” संचालकांना सांगितले, तर असा विनय हल्लीच्या मुलांत उरला नाही म्हणून त्यांनी तो पाहुण्यांना दाखवला. आईला सांगितले, तर तिने मामाला कळवले की सवलतीचे अजून नक्की नाही.

शेवटी त्याने निरोगी ऊतीच्या काही नळ्या मुद्दाम बाहेर काढून ठेवल्या आणि मग तपासल्या. संगणकाने त्या सगळ्यांत कर्करोग पसरल्याचे बेधडक सांगितले. निकाल पाहून सर खुर्चीत खचले. मग, बऱ्याच वेळाने, त्यांचे डोळे चमकले.

“म्हणजे कुणाचे नमुने कोमट झालेत, हे याला बरोबर कळतं?”

“तेवढंच कळतं, सर.”

सरांनी भिंतीकडे पाहिले. भिंतीपलीकडे त्यांच्या वैऱ्याचा विभाग होता. “त्यांचे तपासू. पण आधी आपले घे. चांगले नमुने कसे दिसतात, ते समजेल त्याला.” ज्या जुन्या नमुन्यांवर सरांचे सारे नाव उभे होते, त्यांची माहिती त्यांनी स्वतः काढून दिली.

दुसऱ्या दिवशी तो सरांसमोर उभा राहिला. मुदतवाढीचा कागद टेबलावर सहीविना पडला होता. एखादे सोयीचे खोटे त्याला हवे होते, पण बुजऱ्या माणसाला ते ऐनवेळी कुठून सुचणार?

“सर, सगळे कोमट आहेत.”

“सगळे?”

“एक सोडून. तो गरम आहे.”

सरांनी कागद जवळ ओढला. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

“लहान आहे रे ते अजून,” संगणकाकडे मायेने पाहत ते म्हणाले. “शिकतंय.” त्यांनी सही करून कागद पुढे सरकवला. “आणखी एक वर्ष घे. नीट शिकव त्याला. आणि घाई अजिबात करू नकोस.”