यंत्रासाठी चाळीस उखाणे

मी हात वर केला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मीटिंगमध्ये हात वर करायची मला जुनी खोड आहे. (कामासाठी नाही, बिस्किटांसाठी. या वेळी बशी रिकामी होती, हे मला उशिरा दिसलं.)

शेंद्र्याला आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये बोललेलं ऐकून आपोआप लिहून घेणारं यंत्र येणार होतं. ते मराठीत अडत होतं, कारण आपल्या शब्दांना शेपट्या फार. रामकिसनला, रामकिसनचा, रामकिसनकडून, रामकिसनपाशी. यंत्राला प्रत्येक शेपटी वेगळी ऐकवावी लागते.

"एकाच घरातला एक पुरुष, एक बाई. प्रत्येकी चाळीस वाक्यं. सोमवारपर्यंत कोण आणतंय?" आमचे साहेब विश्वजीत यांनी विचारलं. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. हात माझा एकट्याचाच वर होता. "सुदर्शनराव, मागच्या तीन कामांचं काय केलंत, आठवतंय ना? हे बिघडलं तर तुमचं टेबल भंगाराच्या शेडमध्ये."

घरी हिचा घसा बसलेला. म्हणून दौलताबादहून आलेल्या सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, मोबाईलपुढं बसवलं. यंत्राच्या ॲपमध्ये 'सर्वांत जवळच्या माणसाचं नाव' विचारलं होतं. मी सासूबाईंसाठी सासऱ्यांचं, म्हणजे रामकिसन, भरलं, माझ्यासाठी हिचं, आणि बटण दाबून मोकळा झालो. ते नंतर बदलता येत नाही, हे बटणाखाली लिहिलं होतं. (वर लिहायला काय झालं होतं?)

पहिलं वाक्य आलं : 'रामकिसनला चहा दे.'

सासूबाईंनी मोबाईल उपडा ठेवला. "मी नाय वाचणार, जावईबापू. मालकाचं नाव घेऊ व्हय मी? आन तेबी असं, गड्याला हाक मारल्यावानी?"

"आई, कुठल्या जमान्यात आहात? नाव घेतल्यानं काय होतं?" मी हसून म्हणालो. (मी सुधारक आहे. सुट्टीच्या दिवशी तर फारच.)

"मंग उखाण्यात घेते," म्हणत त्यांनी पदर सावरला.

"दौलताबादच्या किल्ल्यावर चढते मी दमानं, रामकिसनरावांना चहा देते बशीतून मानानं!"

मोबाईलवर हिरवा दिवा लागला! यंत्राला वाक्याशी देणंघेणं नव्हतं, शेपटी मिळाली की झालं, मग ती 'रावां'ची का असेना. सासूबाईंना चेव आला. "शहागंजच्या बाजारात घेतली हिरवी मिरची, रामकिसनरावांच्या वजनानं करकरली खुर्ची!"

चौथ्या उखाण्याला शेजारच्या रूपालीताई आल्या, दहाव्याला सगळा मजला आला, विसाव्याला कुणीतरी हळदीकुंकवाचं ताट आणलं. टाळ्या पडल्या की रेकॉर्डिंग बाद व्हायचं, म्हणून मी दारात ओठांवर बोट ठेवून उभा. तासाभरात चाळीस हिरवे दिवे लागले.

"आता तुमी," सासूबाई म्हणाल्या. बायका हलायला तयार नव्हत्या.

माझं वाक्य आलं : 'तनुजाला बोलाव.'

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी हिला 'अगं', 'ऐकलंस का' आणि 'माझा टॉवेल?' याच नावांनी हाक मारली आहे. खरं सांगतो, मला भयंकर लाज वाटली. यंत्र म्हणालं, 'आवाज आला नाही. पुन्हा बोला.'

"बोला की!" ही बसक्या आवाजात स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "सुधारक ना तुम्ही?"

"हाय काय त्यात, जावईबापू?" सासूबाईंनी धीर दिला. "डोळे मिटा आन घ्या."

मी डोळे मिटले आणि भंगाराची शेड आठवली. "त... तनुजाला बोलाव." बायकांनी 'अय्या' केलं, ते रेकॉर्डिंग बाद झालं. मग एकेक करत तनुजाचा, तनुजाशी, तनुजावाचून, अशी चाळीस वाक्यं कशीबशी पार पडली. शेवटी ही लाजून आत पळाली. मला ते फार आवडलं.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चक्क हात मिळवला. "सुदर्शनराव, तुमचा संच पास! टेबल जागेवर राहणार. यंत्रानं दोन्ही आवाज अचूक ओळखले. पुरुष, वय साठ, आवाज दमदार. आणि बाई, वय अठरा, आवाज नाजूक, किंचित थरथरता."

मी रिपोर्ट हातात घेतला. पुरुषाच्या रकान्यात सासूबाईंचे चाळीस उखाणे होते.