मांगं आहो

गुणवंतकाकांच्या मागे कोणी उभं राहिलेलं त्यांना खपत नाही. बँकेच्या रांगेत ते भिंतीला पाठ लावून आडवे सरकतात. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की आरशातून त्याच्या दोन्ही हातांवर पाळत ठेवतात. तीस वर्षं एस.टी.त तिकीट तपासनीस होते. बिनतिकीट माणूस तोंडावरून नाही, मानेवरून ओळखू येतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. माझ्या मानेकडे ते अजूनही अधूनमधून बघतात.

आम्ही अमरावतीत एकाच गल्लीत राहतो, पण गाठ पडली ती सायकलमुळे. मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी सायकल घ्यायला लावली. पहिल्याच सकाळी वलगावच्या रस्त्यावर समोरून असा वारा की पायडल हलेना. पुढे काकांची काळी जुनी सायकल चालली होती. त्यांची पाठ चांगली रुंद. मी तिच्या आडोशाला शिरलो आणि मजेत वलगावपर्यंत पोचलो. पुलाजवळ काका थांबले आणि सायकल आडवी घातली.

"मास्तर, कवापासून आहा मांगं?"

"नवसारीपासून. शहर सुटलं तिथून."

"इचारलं होतं?"

नव्हतं विचारलं. मग त्यांनी मला पुलाच्या कठड्यावर बसवून समज दिली. पुढच्याच्या आडोशानं जाणं म्हणजे त्याच्या पायांवर फुकट बसून जाणं. बसायला हरकत नाही, पण आधी विचारावं आणि दर किलोमीटरच्या दगडापाशी 'मांगं आहो', म्हणजे मी मागे आहे, असं सांगावं. न सांगता लागला तो बिनतिकीट. दंड केला नाही, पण घरापर्यंत मला पुढे घालून आणलं.

त्याच रस्त्यावर पायल सायकल शर्यतींचा सराव करते. अंजनगाव सुर्जीची पोरगी, आता सायकल चालवायचाच पगार घेते. काकांना आधी तो पगारही संशयास्पद वाटला होता. तिच्यासोबत आणखी तिघं-चौघं असतात, आणि त्यांच्या मागे आमच्यासारखे हौशी लोक लागतात. कोणी अगदी चाकाला चाक लावतो, कोणी मोबाइल काढतो. काका एकेकाला बाजूला घेऊन तपासायचे. स्वतः मात्र दोन सायकलींचं अंतर राखून शेवटी राहायचे. एवढ्या अंतरावर आडोसा कसला मिळतो? पण दगड आला की "मांगं आहो" अशी हाक जायची. पायल मान न वळवता "हो काका" म्हणायची. ती सावकाश चालवण्याच्या दिवशीच हे जमायचं, पण मुद्दाम हळू झाल्याचा वास आला तर काका चिडायचे. माह्यासाठी पाय आखडू नको, म्हणायचे.

टपरीवर लोक बोलायला लागले. सत्तरीच्या म्हाताऱ्याला पोरीच्या मागे रोज कशाला जायचं असतं? खरं सांगतो, मलाही शंका आली होती. त्याची आज लाज वाटते.

मग पायलला नवे कोच आले. खेळाडूंच्या मागे बाहेरचं कोणी नको, असा त्यांनी नियम केला. नियम चुकीचा नव्हता. एखादा धडकला तर पोरीचं वर्ष वाया जायचं. काकांना सांगायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. काकांनी ऐकून घेतलं, माझ्या मानेकडे पाहिलं आणि तक्रार मीच केली असं ठरवून टाकलं. चार दिवस बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी मी रीतसर विचारून त्यांच्या मागे निघालो. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढे रस्ता रिकामा होता. दगड आला आणि काका त्या रिकाम्या रस्त्याला म्हणाले, "मांगं आहो." पुढच्या दगडालाही तेच. मला राहवलं नाही. वलगावच्या पुलावर विचारलं, काका, हे कोणाला सांगता?

त्यांनी सायकल कठड्याला टेकवली. मग लग्नानंतरचं सांगितलं. दर्यापूरहून काकूंना कॅरिअरवर बसवून निघाले होते. काकूंची चप्पल पडली, त्या उतरल्या. काका अकोल्याच्या बदलीबद्दल बोलत बोलत कोसभर पुढे गेले. परत आले तर काकू लिंबाखाली बसून हसत होत्या. काका रागावले, उतरल्यावर सांगावं नं. तेव्हापासून काकू प्रत्येक दगडापाशी पाठीवर टिचकी मारायच्या आणि 'मांगं आहो' म्हणायच्या. जन्मभर.

"अन् अकोल्याच्या दवाखान्यात," काका म्हणाले, "मी खिडकीकडं तोंड करून औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहून राह्यलो होतो. थे मांगं खाटीवर. तवा मात्र उतरतांनी सांगतलं नाई तिनं."

आम्ही सायकली वळवल्या. वारा फिरला होता, परतीलाही समोरूनच. काका पुढे, मी मागे.

नवसारीच्या अलीकडे माझ्या शेजारून एक सायकल आवाज न करता पुढे गेली. पायल होती. सराव आटोपून एकटीच परत चालली होती. मी तिला सारं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात ती काकांच्या मागे, दोन सायकलींचं अंतर ठेवून लागली. खेळाडूनं कोणाच्या मागे जाऊ नये असा कोचचा नियम नव्हता.

"काका, येऊ का मांगं?"

काकांनी मान डोलावली. दगड आला.

"मांगं आहो, काका."

मी काकांच्या मानेकडे बघत होतो. ती वळली नाही. ते फक्त हँडलवरून उठून ताठ बसले आणि खांदे जमतील तेवढे रुंद केले, पोरीला वारा लागू नये म्हणून.