दुसऱ्या सीटचं वजन

रविवारी सकाळी दंतवैद्यांनी बाथरूममधला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि त्यावर आग विझवायचं लाल नळकांडं उभं केलं. काटा तीन किलोवर थांबला. "तीनच तर आहे," ते म्हणाले आणि नळकांडं उचलून गाडीच्या डिकीत ठेवून आले. बायको ओट्यापाशी चहा गाळत होती. तिने तीन हा आकडा लक्षात ठेवला. तीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं. आकडा कानावर पडला की तो तिच्या डोक्यात आपोआप जागा शोधून बसे.

दंतवैद्यांचं विमान होतं. उगाच कुणी हसू नये, खरोखरचं होतं. दोन सीटचं, लाकडी फासळ्यांचं आणि कापडी पंखांचं. नकाशे मागवून त्यांनी ते आठ वर्षांत घरीच बांधलं होतं. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि संध्याकाळी फासळ्या कोरायच्या, असा त्यांचा दिनक्रम होता. पंख जेवणाच्या खोलीशिवाय कुठे मावेनात, म्हणून जेवणाचं टेबल गेलं आणि दोघं नवराबायको ओट्यापाशी उभ्याने जेवू लागली. पंखांवरचं कापड शिवता शिवता दंतवैद्यांच्या नाकी नऊ आले, तेव्हा तेही बायकोनेच शिवून दिलं. बदल्यात तिने एकच मागितलं होतं. दुसरी सीट तिची. ज्या घरात आठ वर्षं उभ्याने जेवलो ते वरून दिसतं तरी कसं, एवढं एकदा बघायचं होतं.

नियमाप्रमाणे दंतवैद्यांचे चाळीस तास एकट्याने उडवून झाले होते. आता शेजारी माणूस बसवायची परवानगी तेवढी राहिली होती आणि त्यासाठी विमानाचं वजन व्हायचं होतं. तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवतात, आत जे जे न्यायचं ते सगळं भरतात, आणि बेरीज साडेचारशे किलोच्या आत असली तर कागद मिळतो. दंतवैद्य ज्या मैदानावरून विमान उडवत, तिथे हे काटे तीन महिन्यांतून एकदाच येत. बायकोने हिशेब कधीच करून ठेवला होता. रिकामं विमान दोनशे सत्तर, पेट्रोल चोवीस, दंतवैद्य चौऱ्याऐंशी, ती एकसष्ट. अकरा किलो शिल्लक. तिचा जीव भांड्यात पडला होता.

पण घरी विमान बांधणारी माणसं एकत्र बसली की उडण्याबद्दल फार बोलत नाहीत. काय काय बिघडू शकतं याबद्दल बोलतात. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दंतवैद्यांच्या विमानाशेजारी आणखी तीन विमानं होती आणि त्यांचे तीन मालक. एक औषधवाले, एक फरशीवाले, आणि एक जण जन्मभर जहाजावर रेडिओ सांभाळून निवृत्त झालेला, ज्याला सगळे कप्तान म्हणत. तिघेही सज्जन. तिघांवरही आयुष्यात एकेकदा बाका प्रसंग आला होता, आणि तोच प्रसंग दंतवैद्यांवरही येणार अशी तिघांची मनापासून खात्री होती.

औषधवाल्यांच्या इंजिनातून एकदा धूर आला होता. त्यांनी लाल नळकांडं दिलं आणि वर दोन किलोची प्रथमोपचाराची पेटी. त्या पेटीत मोडलेला पाय बांधायच्या पट्ट्यासुद्धा होत्या. कप्तानांचा रेडिओ एकदा हवेत मुका झाला होता, म्हणून त्यांनी दुसरा रेडिओ आणि त्याची वेगळी बॅटरी स्वतः जोडून दिली, सहा किलो. शिवाय पाण्यात तरंगायची दोन जाकिटं, तीन किलो. पाणी म्हणाल तर त्या मैदानापासून चहूबाजूंना एकच तळं होतं आणि त्यात म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहायची. पण कप्तान म्हणाले, पाणी ते पाणी.

फरशीवाल्यांनी मात्र कहर केला. त्यांनी पॅराशूट आणलं. माणसाचं नव्हे, विमानाचं. छतावरचं लाल हँडल ओढलं की सगळं विमान त्याला लटकून हळूहळू खाली येतं. चौदा किलो. सीटच्या मागे सहा बोल्ट मारून त्यांनी ते पक्कं बसवलंही. त्यांना एकदा परक्या शेतात उतरावं लागलं होतं आणि त्या दिवसापासून त्यांचा इंजिनावरचा विश्वास उडाला होता. शेतात अडकलात तर असू द्या, म्हणून हत्यारांची आणि दोरखंडाची सहा किलोची पिशवीही त्यांनी दिली. तिघांपैकी कुणी एक पैसा घेतला नाही.

आता दंतवैद्यांनी नको म्हणायला काय हरकत होती? हरकत अशी की, नको म्हणायची त्यांना सवयच नव्हती. त्यांचा जन्म लोकांना सल्ले देण्यात गेलेला, आणि तेही समोरच्याच्या तोंडात हात घालून, म्हणजे उलट बोलायची सोयच नाही. सल्ला घेणाऱ्याने फक्त आ करायचा असतो असं त्यांना वाटे. दर वेळी एक वस्तू काट्यावर ठेवायची, "एवढंच तर आहे" म्हणायचं आणि विमानात नेऊन ठेवायची. बेरीज त्यांनी एकदाही केली नाही.

ती बायकोने केली. वजनाच्या दिवसाला दहा दिवस उरले असताना ती ओट्यापाशी उभ्या उभ्या म्हणाली, "अहो, चौतीस झाले."

"कसले?"

"सल्ल्यांचे किलो. आपल्याकडे अकरा होते. म्हणजे तेवीस जास्त."

दंतवैद्यांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले की काळजी करू नकोस, वजन कमी करता येईल. तिने विचारलं, कुणाचं. हा प्रश्न तिने अगदी साध्या आवाजात विचारला, पण छत्तीस वर्षांच्या संसारात तो साधा आवाज दंतवैद्यांना चांगला ओळखीचा झाला होता. त्यांनी ताबडतोब स्वतःचं, असं उत्तर दिलं. मग चाचरत पुढे म्हणाले, "तसं दोघांनी थोडं थोडं केलं तर..."

"शब्द दिलात तेव्हाही मी एकसष्टच होते," ती म्हणाली.

दहा दिवस दंतवैद्य काकडीवर राहिले. चिडचिड इतकी वाढली की दवाखान्यात पेशंट आपणहून तोंड उघडू लागले. दोन किलो उतरले. उरलेलं विमानातून काढायचं म्हणून ते पाना घेऊन शेडमध्ये गेले आणि जे जे निघण्यासारखं दिसलं ते काढत सुटले. गालिचा निघाला, सामानाचा कप्पा निघाला, ऊब देणारी नळी निघाली. मग दुसऱ्या सीटची गादी निघाली, पाठीची उशी निघाली आणि कोपर टेकायची फळीही निघाली. सगळं मिळून तीन किलो. म्हणजे सुरक्षिततेपायी दुसऱ्या सीटवर आता फक्त पट्टा आणि उघडा पत्रा उरला होता. बायकोने तो बघितला, बोटाने दाबून बघितला. तिला वाईट वाटलं ते गादीचं नव्हे. काय काय काढायचं म्हटल्यावर ह्यांना तिचीच बाजू दिसली, याचं वाटलं. दंतवैद्यांना ते कळलं आणि त्यांना रात्री धड झोप लागली नाही. पण वस्तू परत करायला तोंड होतं कुठे?

वजनाच्या दिवशी मैदानावर विमान उडवायला शिकवणाऱ्या शिक्षिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, सकाळीच काटे घेऊन आल्या. बारीक चणीच्या, शांत बाई. त्यांनी विमान काट्यांवर चढवलं, एकेक वस्तू जागच्या जागी ठेवायला लावली, दोघांना आत बसवलं, आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "अठरा किलो जास्त आहेत, डॉक्टर. काहीतरी काढावं लागेल."

 मग औषधवाले म्हणाले की दोन दोन रेडिओ कशाला हवेत. कप्तान म्हणाले की रेडिओ राहू दे, हा दोरखंड कुणाला बांधायला आणलाय? फरशीवाले म्हणाले की मोडलेला पाय बांधायच्या पट्ट्या बघूनच माणसाचा धीर खचतो. तिघेही एकमेकांच्या वस्तू काढायला एका पायावर तयार होते. दंतवैद्य मधोमध उभे राहून ज्याचं बोलणं चाललं असेल त्याच्याकडे बघून मान डोलवत होते.

बायको विमानातून उतरली. तिने पॅराशूटवरची धूळ बोटाने पुसली आणि फरशीवाल्यांना विचारलं, "भाऊजी, हे आधी कुठे होतं?"

फरशीवाले घुटमळले. मग म्हणाले की त्यांच्याच विमानात होतं. पण काय झालं, धाकट्या मुलीला सोबत न्यायचं ठरलं आणि वजन बसेना, तेव्हा काढून ठेवलं. तिने औषधवाल्यांकडे पाहिलं. त्यांची पेटी आणि नळकांडं त्यांच्या मेहुण्याला जागा करायला उतरलं होतं. कप्तानांना विचारावं लागलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, माझा कुत्रा येतो बरोबर."

म्हणजे ज्यांनी ज्यांनी शेजारी कुणाला बसवलं होतं, त्यांनी त्यांनी हे सगळं आधी उतरवलं होतं. आणि उतरवलेली चांगली वस्तू टाकवत नाही, म्हणून ती जपून ठेवली होती. फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं. कुणाच्या तरी उपयोगी पडावी एवढीच इच्छा होती, आणि दंतवैद्य आयते सापडले होते.

"काढा सगळं," दंतवैद्य म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली होती.

पण ते इतकं सोपं नव्हतं. मॅडमनी समजावून सांगितलं की पॅराशूट बोल्टने बसवलंय आणि दुसरा रेडिओ तारांनी जोडलाय. ते काढलं की विमानाचा तोल बदलतो, सगळी मापं नव्याने घ्यावी लागतात. दोन दिवसांचं काम. काटे तर दुपारी पुढच्या मैदानावर जायचे. आज निघेल ते फक्त सुटं सामान. नळकांडं, पेटी, जाकिटं, पिशवी. सगळं मिळून चौदा.

चार किलो कमी पडत होते. पेट्रोल नियमाने हवं तेवढंच होतं, त्यातलं थेंबभर काढता येत नव्हतं. दंतवैद्य खाली वाकून बुटांचे बंद सोडू लागले. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, बूट राहू द्या. अनवाणी वैमानिकाला मी सोडणार नाही."

"मग पुढच्या वेळी," दंतवैद्य बायकोकडे न बघता म्हणाले. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

बायकोने आठ वर्षं वाट पाहिली होती. सुई बोटात घुसत असताना पाहिली होती, सरसाचा वास नाकात घेऊन झोपताना पाहिली होती. आता आणखी तीन महिने म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले याचा तिला राग आला. ती मॅडमकडे वळली.

"तुमचं वजन किती हो?"

"बावन्न," मॅडम म्हणाल्या. "का, काकू?"

"मग काहीच काढायला नको. हे खाली राहिले आणि तुम्ही बसलात तर उलट बारा किलो उरतात. माझी गादी परत बसेल."

मॅडमनी वहीत बेरीज केली. मग परत केली. मग म्हणाल्या की बरोबर आहे, आणि हे विमान उडवायची परवानगी त्यांच्याकडे आहेच. सगळ्यांनी दंतवैद्यांकडे पाहिलं. दंतवैद्यांनी काही क्षण आपल्या विमानाकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने शेडच्या कोपऱ्यातून गादी, उशी आणि कोपराची फळी आणून स्वतःच्या हाताने बसवली. पट्टाही त्यांनीच आवळून दिला. बायको म्हणाली, जरा सैल करा, श्वास घेऊ द्या.

विमान धावलं आणि उचललं गेलं. दंतवैद्य धावपट्टीच्या कडेला मान वर करून उभे राहिले. आपलं विमान खालून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पंख उन्हात असे झळकत होते की त्यांना रडू येईल असं वाटलं. आपण वर नाही याचंही येईल असं वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि त्यातलं कुठलं जास्त हे त्यांना ठरवता येईना. तिघे सल्लागारही शेजारी माना वर करून उभे होते.

सतरा मिनिटांनी विमान उतरलं आणि त्यांच्यासमोर येऊन थांबलं. दार उघडलं. बायकोचे केस विस्कटले होते, आणि तिचा तसा चेहरा दंतवैद्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"दिसलं घर?" त्यांनी विचारलं.

"दिसलं. एवढंसं आहे. त्यात आपण दोघं आणि हे विमान मावलो कसे, देव जाणे."

दंतवैद्यांना एकदम बरं वाटलं. ते भराभर सांगू लागले की पॅराशूट उद्याच काढतो, रेडिओही काढतो, तीन महिन्यांनी आपण दोघंच जाऊ.

"काही काढायचं नाही," ती म्हणाली. "वर एक धक्का बसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. ते लाल हँडल डोक्यावर होतं म्हणून मी खाली बघू शकले. असू दे सगळं, लागतं." फरशीवाल्यांनी मान डोलावली. "आणि मॅडमशी बोलणं झालंय. दर रविवारी शिकवणार आहेत मला. आम्ही दोघी बरोबर बसतो यात, सगळ्या सामानासकट."

"आणि मी?"

"तुम्ही आधी घरी जा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं आहे, वरून स्वच्छ दिसलं. शिडीवर एकटे चढू नका, कुणाला तरी धरायला सांगा. आणि बूट घट्ट बांधून चढा."

एवढं सांगून तिने दार लावून घेतलं. अजून एका फेरीचं पेट्रोल शिल्लक होतं.