निंबवड्यातले नवे चेहरे

निंबवड्यात ज्या माणसाचं तैलचित्र भिंतीला लागे, त्याचा चेहरा आठवड्याभरात चित्रासारखा होई. त्याचं कुणाला नवल नव्हतं. चित्रात टक्कल झाकलं की डोक्यावर केस उगवत, आणि मिशी दाट रंगवली की न्हाव्याचं काम वाढे.

गावात चित्रकार एकच, विश्राम पेंटर. त्याला नाकही एकच काढता येई. गुरूंनी ते शिकवलं आणि दुसरं शिकवण्याआधी ते वारले. त्यामुळे निम्मं गाव एका नाकाचं झालं होतं. तरी विश्राम स्वतःला मोठा कलावंत समजे. नुसतं समजायला कुणाची परवानगी लागत नाही.

मग तो मुंबईला एक प्रदर्शन बघून आला आणि आधुनिक झाला. तिथल्या चित्रांत नाक गालावर चालत होतं, कपाळावर चालत होतं, नसलं तरी चालत होतं. ज्या अवयवाने जन्मभर छळलं त्याच्यापासून अशी सुटका आहे हे कळल्यावर विश्रामला भर प्रदर्शनात रडू आलं. गावी परतेपर्यंत त्याने त्या रडण्याला कलेतली क्रांती म्हणायला सुरुवात केली होती.

पहिलं नवं चित्र नगराध्यक्ष दादासाहेब खर्डेकरांचं झालं. दोन्ही डोळे डाव्या गालावर. सभेत उजव्या बाजूला बसणारे विरोधक त्यांना दिसेनासे झाले आणि नगरपालिकेचा कारभार सुरळीत चालू लागला. ते पाहून मामलेदार आले, डॉक्टर आले, वकील तर सहकुटुंब आले. बघता बघता सरळ चेहरा हे मागासलेपणाचं लक्षण ठरलं. "मुलगी चांगली आहे हो, पण चेहरा फार जुन्या वळणाचा," असं म्हणून पाहुणे पोहे खाऊन परत जाऊ लागले.

अडचण एवढीच, की विश्रामला आता गावात कुणी ओळखू येईना. चुकायला नको म्हणून तो बाजारात सगळ्यांनाच नमस्कार करत सुटे. ओळखीचा चेहरा एकच उरला होता, बायकोचा. अनसूयेचं चित्र त्याने कधी काढलंच नव्हतं. घरातलं काम नेहमीच मागे पडतं.

एक दिवस अनसूया हळदीकुंकवाहून रडवेली होऊन आली.

"मला बायकांनी कोपऱ्यात बसवलं. म्हणाल्या, पेंटरची बायको आणि हा असा चेहरा? अहो, माझं चित्र काढा."

"नव्या पद्धतीचं?"

"मग काय जुन्या?"

विश्राम घाबरला. "तुझा चेहरा गेला तर मी घरी यायचं कुणाकडे?"

अनसूयेने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "बरं, मग आहे तशी काढा. एक तरी चित्र असू दे माझं."

त्याने तिला खिडकीशी बसवलं. काढलं, पुसलं, परत काढलं. दरवेळी तेच नाक. शेवटी अनसूया उठून कॅनव्हाससमोर आली.

"हे माझं नाक आहे?"

"नाही."

"इतक्या वर्षांत मला नीट बघितलंय का तुम्ही?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. बघितलं नव्हतं.

"उठा. तिथे बसा," ती म्हणाली आणि ब्रश हातात घेतला. तिला रांगोळीच तेवढी येत होती. तिने कॅनव्हासवर ठिपके मांडले आणि ते जोडत गेली. गोल चेहरा झाला, त्यात दोन भलेमोठे डोळे झाले. तोंडाच्या जागी तिने एक ठिपका तसाच सोडला.

"तोंड एवढंसंच?" विश्रामने विचारलं.

"पेज जाईल तेवढ्यातून. बास झालं."

आठवड्याने दादासाहेब विश्रामला पाहून गेले. "मुंबईवालेसुद्धा अजून इथवर पोचलेले नाहीत!" असं ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःसाठी अनसूयेकडे वेळ मागितली. आता हळदीकुंकवाला तिला पहिला मान असतो. तिचं चित्र काढायची हिंमत मात्र कुणाला होत नाही, त्यामुळे तिचा चेहरा तिचाच राहिला आहे.

विश्राम तिच्या शेजारी बसून रंग घोटतो. डोळे मोठे झाल्यापासून त्याला स्वच्छ दिसतं. अनसूयेच्या डाव्या कानाखाली एक तीळ आहे. हसू दाबताना तिची हनुवटी किंचित थरथरते. लग्न झालं तेव्हाही हे सगळं असंच असणार. ती फार सुंदर आहे, हे त्याला तिला सांगायचं असतं, पण तोंडाच्या ठिपक्यातून शब्द निघत नाही. ती पिवळा मागते आणि तो पिवळा देतो.