परबबाईंची तिकडची माणसं

परबबाईंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. आम्ही परळच्या या चाळीत राहायला आलो त्या सकाळची गोष्ट. मी खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन जिना चढत होतो आणि शेजारच्या दारात एक बुटकी, साठी ओलांडलेली बाई मला पायापासून डोक्यापर्यंत वाचत उभी होती. वाचत म्हणजे खरंच वाचत, कारण ओठ हलत होते. मी पुढे सरकलो तशी त्यांनी मागूनही एक नजर टाकली. "उजव्या भुवईत जुना टाका. डाव्या कानामागे तीळ. चालताना उजवा पाय बाहेर पडतो. ठीक आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. माझ्या कानामागे तीळ आहे हे मला सत्तेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बायकोने मोबाइलच्या उजेडात बघितलं. होता. "कुठेतरी लिहून ठेवला असणार तिने," बायको म्हणाली, आणि त्या दिवशी आम्ही दोघंही जरा कमीच जेवलो.

हळूहळू कळलं ते असं. परबबाईंनी तीस वर्षं फोर्टातल्या एका परदेशी बातमीसंस्थेच्या कचेरीत काढली. काम प्रवासाचं. म्हणजे तिकिटं, व्हिसा, आणि लढाई चालू असलेल्या देशात निघालेल्या पत्रकारांची सगळी तयारी. पुढे कचेरी बंद पडली. लढाया पडल्या नाहीत. तेव्हा आता ते गोरे पत्रकार एकमेकांकडून पत्ता घेऊन थेट आमचा जिना चढतात. सहा-सहा फुटी माणसं वाकून आत येतात, दाराशी बूट काढतात आणि परबबाईंच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहतात. बाई फोटो काढतात. समोरून, डावीकडून, उजवीकडून, मग हात, मग दात. अंगावरच्या खुणा एका कागदावर लिहितात. "हसू नकोस," त्या इंग्रजीत बजावतात, "हा फोटो आईला दाखवायचा नाहीये." मग कोणाला दाखवायचा, हे विचारायची छाती आजवर कोणाची झाली नाही.

लढाईच्या देशाचं नाव त्या कधीच घेत नाहीत. 'तिकडे' म्हणतात. याचा आम्हाला भारी त्रास. गॅलरीत कोणी सहज म्हणालं की आमचे मामा हल्ली तिकडे असतात, म्हणजे पालघरला, की परबबाई तांदूळ निवडायच्या थांबतात आणि विचारतात, "रक्तगट कुठे लिहिलाय त्यांनी?"

रक्तगट हा त्यांचा जीव की प्राण. तिकडे जाणाऱ्याच्या कॉलरच्या आत, पट्ट्याच्या मागे, दोन्ही बुटांच्या जिभेवर त्या न पुसणाऱ्या शाईने रक्तगट लिहितात. दोन्ही बुटांवर का, असं मी एकदा विचारलं. "दोन्ही पाय एकाच ठिकाणी सापडतील कशावरून?" त्या म्हणाल्या आणि मला लाडू दिला. शिवाय एक खरं पाकीट आणि एक लुटून न्यायला द्यायचं पाकीट. रक्त थांबवायचा पट्टा, तो एका हाताने बांधता आला पाहिजे. आणि हॉटेलच्या खोलीचं दार आतून पक्कं करायला लाकडाची पाचर. दुकानातली रबराची त्यांना चालत नाही. रे रोडच्या वखारीतून त्या स्वतः सागवानी तुकडे कापून आणतात आणि प्रत्येक पाचर आमच्या दारांखाली ठोकून तपासतात. एका रविवारी आमची पाचही बिऱ्हाडं सकाळी आत अडकली होती.

गिरणीच्या जागेवर समोर जो काचेचा टॉवर झालाय, त्याच्याकडे त्या रोज संध्याकाळी बघत उभ्या राहतात. आम्ही बघतो ते हेव्याने. त्यांचं बघणं वेगळं. "चौपन्न खिडक्या या बाजूला," त्या हळूच म्हणतात. "तिकडे असता तर तीन मिनिटं टिकला असता." त्यानंतर टॉवरमधल्या दिव्यांकडे बघताना मीही खिडक्या मोजतो. घर घ्यायची ऐपत नसल्याचं दुःख मात्र त्यामुळे बरंच कमी झालं.

नाक्यावरच्या तपासणीची रंगीत तालीम गॅलरीत होते. तिथे हत्यारबंद शिपाई मी. हातात झाडू. पत्रकाराने हळू चालत यायचं, गॉगल काढायचा, दोन्ही हात दिसतील असे धरायचे आणि मी त्याला अजिबात न कळणाऱ्या भाषेत ओरडायचं. मी विमा कचेरीतला कारकून, साहेबासमोर माझा आवाज शर्टाच्या खिशाबाहेर येत नाही. पण झाडू हातात आला आणि मला काय झालं कोण जाणे. "पाणी साडेसहाला येतं आणि सातला जातं, याला जबाबदार कोण?" मी गरजलो. समोरचा दाढीवाला फ्रेंच माणूस पांढराफटक पडला. "माझं प्रमोशन नऊ वर्षं कोणी अडवलं? बोल! मेहुण्याने शिडी नेली ती परत का नाही दिली?" त्याने दोन्ही हात आणखी वर केले. परबबाई मागून शांतपणे इंग्रजीत सांगत होत्या, "डोळ्यांत बघू नको. खांद्याकडे बघ. श्वास घे." तो माणूस महिनाभराने तिकडून धड परत आला आणि त्याने माझे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

पण बाईंची खरी करामत म्हणजे रिंग. आपण सगळे एके काळी 'पोचल्यावर मिस्ड कॉल दे' म्हणायचो. परबबाईंनी तोच मिस्ड कॉल लढाईला शिकवला. "लांब बोललं की तिसरं कोणीतरी ऐकतं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बोलायचंच नाही. रोज ठरल्या वेळी एक रिंग द्यायची, म्हणजे जिवंत आहे. दोन रिंग म्हणजे जागा बदलली. तीन म्हणजे मदत हवी. इकडून फोन कधीही उचलायचा नाही. तो मोबाइल त्या उपड्या स्टीलच्या पातेल्यावर ठेवतात, म्हणजे आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत जातो. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते पातेलं एकदाच थरथरतं आणि गप्प होतं. कोणी उचलत नाही, कोणी बोलत नाही. दात घासणारी माणसं क्षणभर ब्रश थांबवतात. मग परबबाई चहा टाकतात. त्याआधी नाही.

गेल्या वर्षी तिकडे फक्त इंग्रिड होती. लांब मानेची, पस्तिशीची नॉर्वेची बाई. परबबाई तिला इंदू म्हणायच्या. बाकीच्यांना त्या माणसं म्हणायच्या, हिला 'आमची इंदू'. तिची पिशवी भरताना त्यांनी पाचर दोनदा तासून घेतली होती. "माझं एकही माणूस आजवर तिकडे राहिलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि पिशवीची चेन लावली.

दोन महिने सात-दहाची रिंग चुकली नाही. मग एका सोमवारी ती आली नाही.

मंगळवारीही नाही. बुधवारी सात वाजताच सगळी गॅलरी बाहेर येऊन उभी होती. सात-दहा झाले. सव्वासात झाले. पाणी गेलेला नळ घरघरला तेवढंच. परबबाईंनी चहा टाकला नाही. असे अकरा दिवस गेले. त्या वाळल्या. संध्याकाळी दाराशी बसून त्या इंग्रिडच्या कागदावरच्या खुणा हलक्या आवाजात म्हणायच्या, "डाव्या खांद्यावर लसीचा वण. उजव्या पोटरीवर भाजल्याची खूण. खालच्या दातांत फट." शेजारी बसून मेथी निवडणाऱ्या माझ्या बायकोला ते ऐकवेना, ती उठून आत आली. एका जित्याजागत्या मुलीचे असे तुकडे मोजलेले मलाही सहन होत नव्हते.

बाराव्या दिवशी रिंग आली. एक. गॅलरीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत डोकावलो तर परबबाई पातेल्याकडे बघत तशाच बसलेल्या. घड्याळात पावणेनऊ झाले होते. "इंदू वेळ चुकवत नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रिंग दुपारी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. नंबर इंग्रिडचाच. परबबाईंनी चहा टाकला, पण मला दिला आणि स्वतः घेतला नाही.

याच सुमारास त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. साखर वाढल्यामुळे दोन दिवस ठेवून घेणार होते. त्या तिकडे निघाल्यासारख्याच निघाल्या. चपलांवर रक्तगट, दोन पाकिटं. मला किल्ली दिली. "रिंग मोजायच्या, साटम. वेळ लिहायची. उचलायचा नाही." मला फार मान दिल्यासारखं वाटलं.

पहिल्या सकाळी मी त्या पांढऱ्या भिंतीसमोर स्टूल घेऊन बसलो. घर इतकं शांत की शेजारून माझ्याच घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. नऊ वाजता पातेलं थरथरलं. एक. थांबेल म्हणून मी पेन उचललं. दोन. तीन. मदत! मी स्टुलावरून उठलो. चार. पाच. पाचाला काही अर्थच ठरलेला नव्हता. आणि मी उचलला.

पलीकडे श्वास होता. इंग्रिडचा नव्हता, तो धापेचा, म्हाताऱ्या माणसाचा होता. मागे कुठेतरी एक कोंबडी कुरकुरत होती आणि भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग एक बाईचा आवाज अगदी जवळून, मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी विचारून गेला. प्रश्नच होता, तेवढं कळत होतं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. फोन बंद झाला. मी वहीत लिहिलं: 'नऊ. एक रिंग.' माझ्या हातून लिहिलेलं ते पहिलं धडधडीत खोटं.

परबबाई काळा चष्मा लावून परत आल्या. मी दोन दिवस त्यांच्या दारासमोरून मान खाली घालून गेलो. इंग्रिडचा फोन दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे हे त्यांना सांगायचं कसं? सांगितलं असतं तर 'आमची इंदू' गेली, असाच त्याचा अर्थ होता.

रविवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली. परबबाईंनी चष्म्याआडून मान वर केली. दारात इंग्रिड उभी होती. केस कापलेले, गालफडं बसलेली, पण हातीपायी धड. बायकोने तोंडावर हात ठेवला. परबबाई उठल्या, तिच्यापाशी गेल्या, तिचा खांदा चाचपला, पोटरी बघितली, तिला तोंड उघडायला लावून खालचे दात बघितले. मग विचारलं, "नंबर पाठ नव्हता?"

"तो त्या फोनमध्येच होता," इंग्रिड म्हणाली.

"नंबर पाठ करायचा असतो!" परबबाई एवढ्या जोरात ओरडल्या की समोरच्या टॉवरमधल्या कोणी खिडकी लावून घेतली असेल. मग त्यांनी तिला घट्ट धरलं आणि सोडलंच नाही.

इंग्रिडने चहाचा पहिला घोट घेतला आणि पातेलं थरथरलं. एक रिंग. पडद्यावर नाव आलं: इंदू. आम्ही तिघांनी तिथे बसलेल्या इंग्रिडकडे बघितलं. तिने कप खाली ठेवला.

मग तिने सांगितलं. एका म्हातारीच्या घरात ती लपली होती. एका पहाटे पळावं लागलं, फोन उशीखाली राहिला. त्याच दिवशी तिथलं नेटवर्क गेलं. इंग्रिड कागदपत्रांशिवाय चालत सरहद्द ओलांडून आली आणि पलीकडच्या वकिलातीत नवे कागद मिळेपर्यंत अडकून पडली. "ती रोज मला रिंग देताना बघायची," इंग्रिड म्हणाली. "मी खाणाखुणांनी सांगितलं होतं, मुंबईत एक बाई आहे, ही रिंग गेल्याशिवाय ती चहा पीत नाही. तिला ते फार पटलं होतं. नेटवर्क परत आल्यावर शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवर ती फोन चार्ज करत असणार."

तेव्हा मी कबूल केलं. पाच रिंगा, श्वास, कोंबडी, आणि तो प्रश्न. परबबाई रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. त्या रागावल्या नाहीत. "प्रश्न होता?" त्यांनी पुन्हा विचारलं. "नक्की?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या दारात रेंगाळलो. इंग्रिड आत झोपली होती. आठच्या सुमाराला फोन वाजला. परबबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हॅलो," त्या म्हणाल्या. पुढे इंग्रजी येईल असं मला वाटलं. आली ती घरची मालवणी. "इंदू पोचली गो हय. भिया नको. तू बरां आसस मा? जेवलंस काय?"

पलीकडून एक घोगरा आवाज बराच वेळ बोलत राहिला. मधे तो थांबला, परत तसाच प्रश्नाचा सूर आला. परबबाईंनी काळा चष्मा काढला. 'तिसरं कोणीतरी ऐकतं' म्हणणाऱ्या त्या बाई फोन दोन्ही हातांनी धरून, मी दारात आहे हे विसरून, हळूहळू सांगायला लागल्या.

"माझ्या डोळ्याचा आपरेशन झाला गो. खूप भियालंय. कोण नाय होता माझ्या वांगडा. रात्री पाणी देवक पण कोण नाय. कोणाक सांगूक नाय मी."

गॅलरीत तेव्हा पाचही दारं उघडी होती. कुणाच्या घरी पोळ्या चालल्या होत्या, कुणी डबा भरत होतं. ऑपरेशनच्या त्या दोन दिवसांत आमच्यातला एकही जण हॉस्पिटलात गेला नव्हता, मीसुद्धा नाही. मी इथे रिंगा मोजत बसलो होतो. ते हॉस्पिटल आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर आहे.